शांत वाट कुणाची?

आमच्या घरात 'बोर्डो' हा शब्द मी अक्षरओळख होण्याच्या आधीपासून ऐकत आले आहे. "आज बोर्डो मारायचंय," असे म्हणून अण्णा पहाटेच घराबाहेर पडत आणि दिवस मावळायला निळसर डागांनी भरलेला सदरा अंगावर घेऊन परत येत. बाग आमची नव्हे. अण्णा दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीने फवारणी करतात आणि आई विरळणीला जाते. बोर्डो हे एखाद्या औषधाच्या कंपनीचे नाव असावे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे भूगोलाच्या तासाला फ्रान्सच्या नकाशावर बोर्डो नावाचे चांगले मोठे शहर दिसले तेव्हा मला हसूच आले. शहराला औषधाचे नाव कोण कशाला देईल?

खरी हकीकत उलटी आहे, आणि ती एका रस्त्याच्या कडेला घडलेली आहे. बोर्डोच्या उत्तरेला मेदोक नावाचा द्राक्षमुलूख आहे. येणारेजाणारे लोक रस्त्याकडेचे घड तोडून खातात याचा तिथल्या बागाईतदारांना त्रास होई. म्हणून ते रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडून ठेवीत. निळा पडलेला घड पाहून वाटसरूने हात आखडता घ्यावा, एवढाच हेतू. १८८२ साली मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सँ-ज्युलियाँ गावाजवळून जात असता त्यांच्या ध्यानात आले, की केवड्याने बाकीच्या वेलींची पाने झडून गेली आहेत, पण या रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. त्यावरून प्रयोग झाले, १८८५ साली मिश्रणाची माहिती प्रसिद्ध झाली आणि तेथून ते जगभर गेले. आमच्या तालुक्यापर्यंत आले. म्हणजे अण्णांच्या सदऱ्यावर जो डाग आहे, तो मुळात एका फ्रेंच वाटसरूला भिवविण्यासाठी होता!

हे सगळे सांगायचे कारण असे की, फ्रान्सची द्राक्षभूमी माझ्या मनात शिरली ती वाइनच्या बाटलीतून नव्हे, तर रस्त्यावरून. (वाइनचे नाव काढताच ज्यांच्या भुवया वर जातील त्या वडीलधाऱ्या वाचकांनी निश्चिंत असावे. या लेखात कोणीही काही पिणार नाही.)

गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात मला मिशेलिनचा एक नकाशा सापडला. बर्गंडी प्रांताचा होता. घडीवर फाटलेला, कोणी तरी कधी तरी भेट दिलेला. या नकाशांची रीत अशी, की मोठे रस्ते तांबड्या रंगात, त्याहून लहान पिवळ्या आणि अगदी किरकोळ ते पांढरे. ज्या रस्त्यावरून देखावा चांगला दिसतो त्याच्या कडेने हिरवी रेघ. मी तासन् तास पांढरे रस्ते पाहत बसले. तांबडा रस्ता कुठून कुठे जातो हे पटकन समजते. पांढरा रस्ता मात्र गावातून निघतो, दोन बागा ओलांडतो, ओढ्याला वळसा घालतो आणि पलीकडच्या गावात शिरतो. आमच्या शिवारातल्या वाटा अशाच आहेत. फरक एवढाच की त्या कोणत्याही नकाशात नाहीत.

मग चर्चासत्रासाठी मी हाच विषय घेतला. बर्गंडीत बोन नावाचे गाव आहे. तेथून दक्षिणेला सांतने या गावापर्यंत सुमारे २२ किलोमीटरची एक सायकलवाट जाते. तिचे फ्रेंच नाव 'व्वा दे व्हीन्य', म्हणजे वेलींची वाट. पॉमार, व्होलने, मेर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्यी-मोंराशे अशी एकेक गावे लागत जातात. ही नावे जगभरच्या श्रीमंतांच्या तळघरांत बाटल्यांवर लिहिलेली आहेत. पण गावे पाहावीत तर लहान. चर्च, चौक, दगडी घरे आणि लगेच बाग. तेथे वेल मांडवावर चढवीत नाहीत. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागण करतात, एकरी हजाराच्या आसपास वेली बसतात. तिकडे ओळीत आणि ओळींमध्ये मीटर-मीटरचेच अंतर, हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली आणि उंची जेमतेम छातीएवढी. त्यामुळे सायकलवर बसलेल्या माणसाला बागेच्या वरून पार टेकडीपर्यंतचे दिसते. आमच्या बागेशेजारून जाताना दोन्हीकडे पानांची भिंत असते. आत आई आहे की आणखी कोणी, हाक मारल्याशिवाय कळत नाही. कमी उंचीच्या वेलींमुळे वाटेवरचा माणूस सर्वांना दिसतो आणि त्यालाही सर्व दिसतात, ही गोष्ट एखाद्या प्रवासवर्णनकाराला सौंदर्याची वाटेल. मला ती वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटली. ते कारण पुढे सांगते.

या टेकडीवरच्या लहानलहान वाफ्यांना तिकडे 'क्लिमा' म्हणतात. प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकाची हद्द शतकानुशतके ठरलेली आहे. अशा १,२४७ क्लिमांचा मुलूख २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

मी हे वर्गात वाचून दाखविले तेव्हा एक वर्गमित्र उभा राहिला. तो हुशार आहे आणि मनाने वाईट नाही. तो म्हणाला, "ज्यांची पोटं भरली आहेत त्यांचे हे चाळे. आपल्याकडे सायकल ही गरिबी आहे आणि तिथे ती चैन. मजुराच्या मुलीने फ्रान्सच्या शांत रस्त्यांवर काय म्हणून बोलावे?" वर्ग हसला. मीही हसले, कारण त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. एक वर्ष उशिरा, पण आहे.

पहिली गोष्ट अशी, की ती शांतता निसर्गाने दिलेली नाही. फ्रान्सच्या रस्त्यांची लांबी सुमारे ११ लाख किलोमीटर आहे. त्यांत राष्ट्रीय रस्ते आणि मोटारमार्ग मिळून जेमतेम वीस-एकवीस हजार. पावणेचार लाखांवर रस्ते जिल्ह्यांकडे आणि सुमारे सात लाख किलोमीटर गावांकडे आहेत. धावणाऱ्या गाड्या मोटारमार्गावर जातात, मधल्या पल्ल्याच्या मोठ्या जिल्हा-रस्त्यावर, आणि उरतात ते गावरस्ते. बोनच्या बाबतीत हे नकाशावर लख्ख दिसते. पूर्वेला मोटारमार्ग, गावातून जाणारा डी-९७४ हा रहदारीचा रस्ता, आणि त्याच्या पश्चिमेला चढावर बागांच्या वाटा. एका गाडीला जायला तीन पर्याय आहेत म्हणून तिसरा शांत आहे. आमच्या गावाला तालुक्याशी जोडणारा रस्ता एकच. त्यावरून द्राक्षांचा ट्रक, उसाची ट्रॉली, एस.टी., वऱ्हाडाची जीप आणि सायकलवरची मुलगी अशी सर्वांची एकत्र यात्रा चालते. तिथे शांतता कोठून येणार?

दुसरी गोष्ट, त्या वाटा सायकलवाल्यांसाठी झालेल्याच नाहीत. त्या कामाच्या वाटा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. मग अमेरिकन खुंटावर कलमे करून सगळी लागण नव्याने करावी लागली. त्याआधी बर्गंडीत वेली दाटीवाटीने, जागा मिळेल तशा वाढत. नवी लागण सरळ ओळींत झाली, ओळींमधून घोड्याचा नांगर चालू लागला, आणि पुढे ओळीच्या वरून तंगड्या टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर आले. त्या ट्रॅक्टरांना बागेपाशी पोहोचायला जी वाट लागते तीच आज सायकलची वाट म्हणून ओळखली जाते. पर्यटकांच्या माहितीपत्रकात चित्र सायकलवाल्याचे असते, पण वाट झिजली आहे ती मजुरांच्या चाकांनी.

काही वाटांची कथा आणखी निराळी. याच प्रांतात जिव्री ते क्ल्युनी अशी ४४ किलोमीटरची हिरवी वाट १९९७ साली खुली झाली. फ्रान्समधील ही पहिली अशी वाट. ती एका बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर आहे. रूळ काढले, डांबर टाकले, स्टेशने राहू दिली. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून वाट सपाट. लहान मूल आणि म्हातारा माणूस दोघांनाही जमेल अशी. पुढे क्ल्युनीच्या दक्षिणेला याच मार्गावर ब्वा-क्लेर नावाचा सुमारे १,६०० मीटरचा बोगदा लागतो. हा बोगदा हिवाळ्यात सायकलींना बंद असतो. का, तर आत वटवाघळे झोपलेली असतात! सायकलवाल्यांनी टेकडीवरून वळसा घ्यावा. हे वाचून मी क्षणभर थबकले. वटवाघळांच्या झोपेचा विचार करून रस्त्याचे वेळापत्रक ठरविता येते, तर कॉलेजच्या शेवटच्या तासाचा विचार करून एस.टी.चे का ठरू नये? असो.

पण मी येथे माझ्या मित्राला थोडे मान्यही करते. आगगाडी बंद पडली म्हणून शांतता आली, ही गोष्ट काही निव्वळ आनंदाची नव्हे. ज्या गावातून गाडी गेली त्या गावातली म्हातारी माणसे बाजारला कशी जात असतील? काही शांतता ही कोणी तरी निघून गेल्यानंतरची असते. तिचे गोडवे गाताना जरा जपून गावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मित्र म्हणाला, चैन. पण फ्रान्समध्ये सायकलवरून भटकायला जाणे ही सामान्य कामगाराच्या आटोक्यात आली ती एका कायद्याने. १९३६ साली मोठे संप झाले, लेऑं ब्लुम यांचे सरकार आले आणि त्या वर्षी २० जूनला पंधरा दिवसांच्या पगारी रजेचा कायदा झाला. पाठोपाठ आठवड्याला चाळीस तास काम. रेल्वेने कामगारांना सवलतीचे तिकीट दिले. पण पुष्कळांनी सायकल काढली, नवराबायकोंनी दोघांची जोडसायकल काढली, मागे तंबू बांधला आणि ते निघाले. त्या उन्हाळ्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. म्हणजे तेथे आधी माणसाला वेळ मिळाला, मग तो रस्त्यावर आला, आणि रस्ता त्याच्या सोयीचा करण्याचे विचार पुढे झाले. सायकल गरिबीची की चैनीची हे सायकलीवर ठरत नाही. ती चालविणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची रोजी बुडण्याची भीती आहे की नाही, यावर ठरते. माझ्या आईने आयुष्यात पगारी सुट्टी घेतलेली नाही. विरळणीच्या दिवसांत ताप आला तरी ती जाते, कारण एक दिवस चुकला तर टोळीत दुसरी बाई येते.

आता माझे कारण. आठवीत असताना मला सरकारी योजनेतून सायकल मिळाली. त्या वेळी आमच्या घरात कोणी नववीपुढे गेलेले नव्हते. सायकल आली त्या दिवशी आईने तिच्या हँडलला हळदकुंकू लावले. शाळा चार किलोमीटरवर, रस्ता शिवारातला. मी दोन वर्षे वाऱ्यासारखी गेले आणि आले. त्यानंतर कॉलेज तालुक्याच्या गावी, मोठ्या रस्त्याने. पहिल्याच आठवड्यात एका पिकअपने मला कडेच्या खडीत उतरविले. लागले काही नाही, फक्त ओढणी चाकात गेली. गाडीतल्या पोरांनी मागे वळून काय म्हटले ते येथे लिहिण्यासारखे नाही. अण्णांना ते कळले आणि दुसऱ्या दिवसापासून सायकल ओट्यावर टांगली गेली. मी एस.टी.ने येऊ लागले. माझ्याबरोबर सायकल मिळालेल्या दोघी मैत्रिणींच्या वाड्यांवर एस.टी. जात नाही. त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. एकीचे लग्नही झाले. त्यांची नापासांत गणना झाली नाही, गैरहजरांतही नाही. त्या नुसत्या रस्त्यात राहिल्या.

म्हणून 'शांत रस्ता' हे शब्द वाचले की मला पाखरांची किलबिल आठवत नाही. मला असा रस्ता दिसतो जिथे एकटी मुलगी सायकलवरून जाऊ शकते आणि बागेत काम करणाऱ्या बाया तिला पाहू शकतात. छातीएवढ्या वेलींचे मला कौतुक वाटते ते यासाठी. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला मागे टाकताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवले पाहिजे असा नियम आहे. दीड मीटर म्हणजे आपले जवळजवळ पाच फूट, आमच्या बागेतल्या दोन वेलींमधले अंतर. तेवढी जागा मला मिळाली असती, तर सायकल आज ओट्यावर नसती.

२०२२ साली स्त्रियांची फ्रान्सची सायकल शर्यत नव्याने सुरू झाली. तिचा चौथा टप्पा त्रुआ ते बार-सुर-ओब असा होता आणि तो शँपेनच्या बागांमधल्या पांढऱ्या मातीच्या कच्च्या वाटांवरून गेला. मैत्रिणीच्या मोबाइलवर मी त्याची चित्रफीत पाहिली. धुळीने माखलेल्या त्या बायका बागेतून एकामागोमाग जात होत्या. शर्यत काही शांत नसते, पुढेमागे मोटारी असतात. पण ती वाट ओळखीची वाटली. आमची पाटावरची वाट उन्हाळ्यात अशीच दिसते.

मात्र त्याच शँपेनची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी मजुराची मुलगी कसली? तेथे द्राक्षे हातानेच तोडावी लागतात, यंत्राला परवानगी नाही. दर सप्टेंबरात तोडणीला बाहेरून माणसे आणतात. २०२३ च्या सप्टेंबरात उन्हाच्या कहरात काही तोडणी मजूर दगावले. त्याच हंगामात पन्नासाहून अधिक मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतून आलेले, अत्यंत घाणेरड्या जागेत कोंडल्यासारखे ठेवलेले आढळले. त्याचा खटला चालला आणि २०२५ च्या जुलैत न्यायालयाने तिघांना मानवी तस्करीबद्दल दोषी ठरविले. आमच्याकडे विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, त्यांची पोरे बागेच्या बांधावर खेळतात. बागेकडेच्या शांत वाटेवरून सायकलवर जाणाऱ्याला ते दिसते की नाही मला ठाऊक नाही; पण वेली छातीएवढ्या असल्या तर दिसायला हरकत नाही.

तेव्हा मित्रा, माझे म्हणणे एवढेच. फ्रान्सची नक्कल मला नको आहे. पर्यटकांसाठी आमच्या बागांतून वाटा काढा, असेही मी म्हणत नाही. तसे झालेच तर तिकीट लावून आम्हालाच बाहेर काढतील. सरकारने आम्हा मुलींना सायकल दिली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण सायकल हे अर्धे वाहन आहे, उरलेले अर्धे म्हणजे रस्ता. आमच्या गावाहून तालुक्याच्या गावापर्यंत पाटाच्या कडेने वाट जाते. पाट असल्यामुळे तिला चढ नाही, आगगाडीच्या वाटेसारखीच. मोठ्या रस्त्यापेक्षा ती दीड किलोमीटर लांब आहे. तिच्यावर मुरूम टाकावा, झुडपे काढावीत आणि ट्रक येऊ नयेत म्हणून तोंडाशी दोन दगड रोवावेत. बैलगाडी आणि ट्रॅक्टर येऊ द्यावेत, त्यांची ती वाट आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर दर वर्षी कोठे ना कोठे होतेच. यंदा ते तेथे व्हावे अशी मी या लेखाद्वारे प्राचार्यांना विनंती करते.

ग्रंथालयातला नकाशा घरी नेता येत नाही, म्हणून बोन ते सांतने एवढा भाग मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना दाखविला. त्यांनी तो कंदिलासमोर धरावा तसा दिव्यासमोर धरला. मी प्रत्येक गावाचे नाव सांगितले, त्यांना एकही म्हणता आले नाही. मग त्यांनी विचारले, "बागंतून ट्रॅक्टर आला तर थांबतं कोण?"

"सायकलवाला," मी म्हटले. "वाट बागेची आहे ना अण्णा."

"मंग बरंय." थोडा वेळ ते त्या रेघेवरून बोट फिरवीत राहिले. "आन् बाईमाणूस एकटं जातं तिथनं?"

"जातं."

त्यांनी कागदाची घडी घातली, चुकीच्या ठिकाणी, आणि माझ्या हातात दिली. "आपल्या पाटावर मोरीपाशी मोठा खड्डा हाय," ते म्हणाले. "आधी तो बुजवावा लागंल."